मानेच्या ऑपरेशनपूर्वी रक्तवाहिन्यांचा फोटो कशासाठी?

जुन्या मळ्यात खड्डा खणायचा झाला की जाणता शेतकरी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारतो, "विहिरीवरून निघालेला पाइप नेमका कुठून गेला आहे?" पाइप बांधाच्या कडेने सरळ गेला असेल असे आपण धरून चालतो, पण पूर्वी कधीतरी मध्ये खडक लागला म्हणून तो वळवून नेलेला असतो. पहारेचा एकच घाव त्यावर बसला की उभे पीक पाण्यावाचून राहते. मानेच्या मणक्यांत जन्मापासून दोष असलेल्या माणसाचे ऑपरेशन करताना डॉक्टरांपुढे असाच प्रश्न असतो. फुटलेला पाइप दुसऱ्या दिवशी जोडता येतो. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी फुटली तर मात्र हातात काही मिनिटेच असतात.

अशा रुग्णांच्या घरच्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. "एक्स-रे झाला, एम.आर.आय. झाला. आता पुन्हा औषध टोचून रक्तवाहिन्यांचा फोटो काढा म्हणतात. हा वाढीव खर्च कशासाठी?" काही जण तपासणी पुढे ढकलतात, काही जण सरळ नको म्हणतात. हा फोटो काय दाखवतो आणि तो नसला तर कोणता धोका राहतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. मग होय किंवा नाही म्हणताना आपण डोळसपणे म्हणू.

मानेची घडण

माणसाच्या मानेत सात मणके असतात. त्यांतले वरचे दोन बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत. पहिल्या मणक्याला डॉक्टर ॲटलास म्हणतात. तो कड्यासारखा गोल असून त्याच्यावर आपले डोके टेकलेले असते. दुसऱ्याला ॲक्सिस म्हणतात. त्याच्यातून दातासारखे एक हाड वर निघते आणि पहिल्या मणक्याच्या कड्यात पुढच्या बाजूस बसते. मागून एक बळकट बंध त्या दाताला जागेवर धरून ठेवतो. जात्याच्या खुंट्याभोवती वरचा दगड फिरावा तसा पहिला मणका या दाताभोवती फिरतो. मान उजवीडावीकडे वळवण्याचे जवळजवळ निम्मे काम या एकाच सांध्यावर होते.

याच कड्यातून, दाताच्या मागच्या जागेतून मज्जारज्जू खाली उतरतो. हात, पाय, श्वास, लघवी या सर्वांवरील ताबा या रज्जूतून जातो. म्हणून येथे हाड थोडे जरी सरकले तरी त्याचा परिणाम सर्व अंगावर होऊ शकतो. मोठ्या माणसात पहिल्या मणक्याचे कडे आणि दात यांमधील फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त आणि लहान मुलांत 5 मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली, तर डॉक्टर सावध होतात.

जन्मापासूनचे दोष

आईच्या पोटात मूल घडत असताना, पहिल्या काही आठवड्यांतच मणके वेगवेगळे होतात. ते काम अपुरे राहिले तर नाना प्रकारचे दोष उरतात. कुणाचा पहिला मणका कवटीलाच चिकटलेला असतो. कुणाचा दात आखूड असतो, किंवा तो खालच्या हाडाशी न जुळता सुटा राहतो. कुणाचे दुसरा व तिसरा मणका एकजीव झालेले असतात. काहींचा दात वर सरकून कवटीच्या तळाच्या भोकात शिरलेला असतो. काहींत वरचे दोन मणके एकमेकांवरून घसरतात.

मणके जुळून आलेल्या अशा मानेचे वर्णन मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी 1912 मध्ये केले. त्यांच्या नावाने हा विकार आजही ओळखला जातो. आखूड मान, मानेवर खालपर्यंत उतरलेली केसांची रेषा आणि मानेची कमी हालचाल ही त्याची तीन लक्षणे. पण ही तिन्ही लक्षणे निम्म्याहून कमी रुग्णांत एकत्र दिसतात. म्हणून मान दिसायला चांगली आहे एवढ्यावरून दोष नाही असे म्हणता येत नाही. अशा रुग्णांपैकी काहींना मूत्रपिंडाचे, हृदयाचे किंवा कानाचे दोषही असतात. यासाठी डॉक्टर पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी किंवा श्रवणाची तपासणी सांगतात, ती टाळू नये.

हे दोष कोणाच्या पापामुळे किंवा ग्रहणात काही चिरल्यामुळे होत नाहीत. आईला दोष देणे हा अन्याय आहे. कित्येकांना तर असा दोष असूनही आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्रास सुरू झाला, किंवा सांधा ढिला असून मज्जारज्जूवर दाब येऊ लागला, म्हणजे ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

रक्तवाहिनीचा मार्ग

शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीला धमनी म्हणतात. मेंदूला अशा चार मोठ्या धमन्या रक्त पुरवतात. गळ्याला बोट लावले की उडताना लागतात त्या दोन पुढच्या. मागच्या दोन बोटाला लागत नाहीत, कारण त्या मणक्यांच्या आतून जातात. डॉक्टर त्यांना व्हर्टिब्रल आर्टरी म्हणतात. आपण मणक्याची धमनी म्हणू.

मणक्याची धमनी खांद्याखालच्या मोठ्या धमनीतून फुटते. मानेच्या प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंना एकेक भोक असते. बहुतेकांत ही धमनी सहाव्या मणक्याच्या भोकात शिरते आणि ओवलेल्या दोऱ्यासारखी एकेका भोकातून वर चढते. दुसऱ्या मणक्यापर्यंत तिची चाल बहुतांशी सरळ असते. तेथून ती बाहेरच्या बाजूस वळते, पहिल्या मणक्याच्या भोकातून वर येते, लगेच मागे वळून त्याच्या कमानीवरील पन्हळीतून आत जाते आणि कवटीत शिरते. आत गेल्यावर उजवी व डावी अशा दोन्ही धमन्या मिळून एक होतात. मेंदूचा खालचा देठ, तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि दृष्टी ओळखणारा मेंदूचा मागचा भाग, एवढ्यांना हे रक्त पोहोचते.

ही धमनी साधारण 3 ते 5 मिलिमीटर जाड असते, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक. दोन्ही बाजूंच्या धमन्या सारख्या असतातच असे नाही. पुष्कळ लोकांत डावी मोठी असते, काहींत उजवी मोठी असते, थोड्यांत दोन्ही बरोबरीच्या असतात. एखाद्याची एक धमनी इतकी बारीक असते की मागच्या मेंदूचा बहुतेक सर्व भार दुसऱ्या एकीवरच असतो. अशा माणसाची मोठी धमनी दुखावली तर तिची जागा घ्यायला दुसरी पुरत नाही. ही गोष्ट बाहेरून पाहून किंवा नाडी तपासून कळत नाही.

दोष असलेल्या मानेत मार्ग बदलतो

हाडे आणि रक्तवाहिन्या गर्भात एकाच काळात, एकमेकांच्या सोबतीने घडतात. त्यामुळे जेथे हाडाची घडण चुकली तेथे धमनीचा मार्गही चुकलेला असण्याचा संभव मोठा असतो. या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वैद्यकीय पुस्तकात काढलेले चित्र चांगल्या मानेचे असते. दोष असलेली मान त्या चित्राप्रमाणे असेल असे कोणीही धरून चालू नये.

हे फेरफार मुख्यतः चार प्रकारचे असतात. पहिला प्रकार असा, की दुसऱ्या मणक्यात धमनी नेहमीपेक्षा वर आणि आत चढून वळते. ज्या हाडात स्क्रू बसवायचा तेच हाड त्यामुळे पोखरल्यासारखे पातळ होते. हा प्रकार एरवी चांगल्या असलेल्या मानेतही आढळतो. दुसरा प्रकार, धमनी पहिल्या मणक्याच्या कमानीवरून न जाता कमानीच्या खालून, पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या मधूनच आत शिरते. पहिला मणका कवटीला चिकटलेला असेल तर हे विशेष पाहावे लागते. ऑपरेशनसाठी डॉक्टरांना याच फटीत सांधा उघडा करायचा असतो, आणि धमनी नेमकी तेथेच आडवी पडलेली असते. तिसरा प्रकार, धमनीच्या दोन शाखा होऊन त्या थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात. एक शाखा कमानीच्या वरून जाते, दुसरी खालून. वरची सापडली म्हणून डॉक्टर निर्धास्त राहिले तर खालची दुखावते. चौथा प्रकार, लहान मेंदूला जाणारी शाखा कवटीच्या आत न फुटता खाली मानेतच फुटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मणके सतत घसरत असतील तर धमनीला पीळ बसतो, ती दबते, कधी तिच्या आतल्या अस्तराला इजा होऊन रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी वर सरकली म्हणजे तरुण माणसालाही अर्धांगाचा झटका येऊ शकतो. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला वारंवार चक्कर, दोन-दोन दिसणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे असे होऊ लागले, तर मेंदूबरोबर मानेचीही तपासणी झाली पाहिजे.

ऑपरेशनात काय करतात

घसरलेले मणके जागेवर आणून ते पुन्हा सरकू नयेत म्हणून एकमेकांना पक्के जोडणे, हा या ऑपरेशनचा गाभा आहे. पूर्वी हे काम तारेने बांधून करीत. रुग्णाला कित्येक महिने मानेभोवती कडक पट्टा किंवा डोक्याला कडे लावून राहावे लागे, आणि तरीही कधी कधी हाड जुळत नसे. 1987 मध्ये मागेर्ल या स्विस डॉक्टरांनी दुसऱ्या मणक्यातून पहिल्या मणक्यात आरपार स्क्रू बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. जोड बळकट झाला, पण स्क्रूचा मार्ग धमनीच्या अगदी शेजारून जाऊ लागला.

आपल्याकडे मुंबईच्या परळ येथील के.ई.एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी 1988 पासून वेगळी रीत वापरली. दोन्ही मणक्यांत वेगवेगळे स्क्रू बसवून ते पट्टीने जोडायचे, अशी ही पद्धत. तिची माहिती गोयल आणि लाहेरी यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे 2001 मध्ये जर्मनीतील हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून तिचा प्रसार केला. आज जगभर या पद्धतीने ऑपरेशने होतात, आणि तिचा पाया मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात घातला गेला याचा आपल्याला अभिमान वाटावा.

या स्क्रूंची जाडी सुमारे साडेतीन मिलिमीटर असते. ज्या हाडात ते बसवायचे ते हाडही पुष्कळदा फारसे जाड नसते, आणि धमनी त्याला लागूनच असते. कामात एक-दोन मिलिमीटरचीच सवड असते. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांकडून माहिती गोळा करून 1998 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. आरपार स्क्रू बसवलेल्या 1,318 रुग्णांपैकी 31 जणांची धमनी दुखावल्याचे तीत नक्की आढळले आणि आणखी 23 जणांत तसा संशय होता. त्यांतील बहुतेकांना कायमचे अपंगत्व आले नाही, कारण दुसऱ्या बाजूच्या धमनीने काम भागवले. पण दुसरी बाजू भरवशाची आहे की नाही, हे आधी ठाऊक असावे लागते. जन्मजात दोषाच्या मानेत तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो.

फोटोचे प्रकार

रक्तवाहिनी साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. एक्स-रे हाड दाखवतो. 1895 मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले, त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 1927 मध्ये, पोर्तुगालमधील लिस्बन येथे एगास मोनिश यांनी धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो जिवंत माणसात काढून दाखवला. आजच्या सर्व तपासण्या त्याच कल्पनेतून वाढल्या आहेत. आता मुख्यतः तीन प्रकार वापरतात.

पहिला, सी.टी. अँजिओग्राफी. सी.टी. यंत्राने रुग्णाची पहिली तपासणी 1971 मध्ये लंडनमध्ये हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर झाली. आजची यंत्रे कितीतरी वेगवान आहेत. हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त औषध टोचतात. ते हृदयातून धमन्यांत पोहोचते त्याच क्षणी यंत्र मानेचे अगदी पातळ काप टिपते. प्रत्यक्ष फोटोला काही सेकंद पुरतात. नंतर संगणकावर ते काप जोडून हाड आणि धमनी एकाच चित्रात, सर्व बाजूंनी फिरवून पाहता येतात. मानेच्या जन्मजात दोषाच्या ऑपरेशनपूर्वी आज बहुधा याच तपासणीचा आधार घेतात, कारण स्क्रू हाडात बसवायचा आणि धमनी चुकवायची, या दोन्ही गोष्टींचे उत्तर तिच्यात एकत्र मिळते.

दुसरा, एम.आर.आय. आणि एम.आर. अँजिओग्राफी. मज्जारज्जू किती दबला आहे, त्याला सूज आहे काय, हे एम.आर.आय.इतके चांगले कशातच दिसत नाही. यात क्ष-किरण नसतात. औषध न टोचताही धमन्यांचा फोटो काढता येतो, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ही तपासणी उपयोगी पडते. पण बारीक हाडाची जाडी यात सी.टी.इतकी स्पष्ट दिसत नाही. एम.आर.आय. झाला असतानाही सी.टी. का सांगतात, याचे उत्तर यात आहे. एक तपासणी मज्जारज्जू दाखवते, दुसरी हाड आणि धमनी दाखवते.

तिसरा, नळी घालून केलेली अँजिओग्राफी. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवून औषध सोडतात. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई आणि तारेच्या मदतीने नळी घालण्याची सोपी रीत दिली, तीच अजून चालते. रक्त कसे वाहते, कोणत्या बाजूने किती जाते, हे यात चांगले कळते. परंतु नळी धमनीत न्यावी लागते, त्यामुळे अर्धांगाचा थोडा का होईना धोका असतो. म्हणून ही तपासणी सर्रास करीत नाहीत. शंका उरली किंवा धमनीवरच उपचार करायचा असला तरच करतात.

तपासणीच्या दिवशी

सी.टी. अँजिओग्राफीसाठी बहुधा काही तास उपाशी राहण्यास सांगतात. पाणी किती प्यावे हे विचारून घ्यावे. आधी रक्ताची क्रिएटिनिन तपासणी करून मूत्रपिंडे ठीक आहेत ना ते पाहतात. पुढील गोष्टी न लपवता सांगाव्यात: पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठले होते काय किंवा श्वास लागला होता काय, दमा आहे काय, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार आहे काय, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे काय, बाईमाणूस असल्यास दिवस गेले आहेत काय किंवा तशी शंका आहे काय.

मासळी किंवा कोलंबी सोसत नाही म्हणून आयोडीनचे औषध चालणार नाही, असा समज किनाऱ्याकडच्या आपल्या लोकांत आहे. तो बरोबर नाही. मासळीची ॲलर्जी डॉक्टरांना जरूर सांगावी, पण केवळ तेवढ्यावरून तपासणी नाकारू नये.

औषध टोचताच अंगभर उष्णता पसरल्यासारखे वाटते, तोंडाला धातूची चव येते, कधी लघवी झाल्याचा भास होतो. अर्ध्या-एक मिनिटात ते ओसरते. घाबरून मान हलवू नये, नाहीतर फोटो बिघडतो. खाज, घशात आवळल्यासारखे होणे किंवा श्वास लागणे असे काही झाल्यास ताबडतोब सांगावे. त्यावरचा इलाज तेथे तयार असतो. लहान मुलांना क्ष-किरणांची मात्रा बेताची द्यावी लागते. म्हणून हाडाचा आणि धमनीचा फोटो एकाच वेळी नीट काढणे चांगले, म्हणजे पुन्हा पुन्हा यंत्राखाली न्यावे लागत नाही.

रुग्णाची मान ढिली असेल तर गाडीतून नेताना आणि यंत्राच्या फळीवर ठेवताना मानेचा पट्टा काढू नये. पट्टा काढायचा असल्यास डॉक्टरांनी किंवा तंत्रज्ञांनी सांगितल्यावर, मान धरूनच काढावा.

या फोटोवरून काय ठरते

फोटो हाती आल्यावर डॉक्टर पुढील गोष्टी पाहतात. कोणत्या बाजूची धमनी मोठी आहे? ती दुसऱ्या मणक्यात फार वर चढली आहे काय? पहिल्या मणक्याच्या वरून जाते की खालून? स्क्रूपुरते हाड दोन्ही बाजूंना आहे काय?

त्यावरून ऑपरेशनचा बेतच बदलू शकतो. एका बाजूला हाड पातळ आणि धमनी वर चढलेली असेल तर त्या बाजूस स्क्रू आखूड घेतात, त्याची दिशा बदलतात किंवा तो मणक्याच्या मागच्या पाकळीत बसवतात. कधी तो मणका सोडून खालच्या मणक्याचा किंवा कवटीचा आधार घेतात. धमनी सांध्यावर आडवी असेल तर ती आधी हळुवार मोकळी करून बाजूला घेतात आणि मगच सांध्याला हात लावतात. एकाच बाजूची धमनी भरवशाची असेल तर त्या बाजूला दुप्पट जपतात.

एवढे करूनही एका बाजूला रक्तस्राव झाला, तर तो थांबवून दुसऱ्या बाजूस धोक्याचा स्क्रू घालण्याचे टाळतात, कारण दोन्ही धमन्या एकाच दिवशी गमावणे जिवावर बेतू शकते. असा निर्णय टेबलावर घाईत घ्यावा लागू नये म्हणून नकाशा आधीच हवा. काही मोठ्या रुग्णालयांत या फोटोवरून मानेच्या हाडांचा हुबेहूब नमुना छापून घेतात, आणि शल्यविशारद तो हातात घेऊन आदल्या दिवशी सराव करतात.

फोटो काढला म्हणजे धोका संपला असे मात्र समजू नये. झोपलेल्या स्थितीत काढलेल्या फोटोत जे दिसते ते मान वळवल्यावर थोडे बदलू शकते. फोटो आंधळेपणा घालवतो. हाताचे कौशल्य शल्यविशारदाचेच असावे लागते. म्हणून अशी ऑपरेशने नेहमी करणाऱ्या रुग्णालयातच रुग्णाला न्यावे.

घरच्यांनी काय पाहावे, काय टाळावे

शेतीच्या कामात मान दुखणे नवे नाही. प्रत्येक दुखण्याला घाबरण्याचे कारण नाही. पण पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नये: मुलाची मान कायम वाकडी राहणे, मान आखूड असून वळत नसणे, हातापायांना मुंग्या येणे, सदऱ्याची बटणे लावताना बोटे चुकणे, पायातली चप्पल न कळत निसटणे, चालताना पाय ताठ होणे किंवा अडखळणे, मान वाकवताच पाठीतून विजेसारखी कळ जाणे, लघवी तुंबणे, साध्या पडण्यानंतर काही वेळ हातपाय लुळे पडून पुन्हा चालू लागणे. या शेवटच्या लक्षणाला "थोडे लागले, बरे झाले" म्हणून सोडून देऊ नये. मज्जारज्जूने दिलेला तो इशारा असतो.

मानेत असा दोष असल्याचे कळल्यावर डोक्यावर ओझे घेऊ नये. गवताचा भारा, शेणखताची पाटी, भाताचे पोते, पाण्याची घागर, यांतले काहीही डोक्यावर नको. आपल्या घरांत हे काम बहुधा बायकामुलींच्या वाट्याला येते, म्हणून घरातील पुरुषांनी हे विशेष लक्षात ठेवावे. झाडावर चढणे, कुस्ती, विहिरीत सूर मारणे, उधळणारा बैल आवरणे ही कामेही दुसऱ्याने करावीत.

मान मोडून घेण्याची सवय तर कोणालाच नको. केस कापल्यावर न्हावी डोके धरून कडकन मान मोडतो आणि आपल्याला बरे वाटते. हाडवैद्यही कधी मानेला झटका देतो. धडधाकट माणसातही अशा झटक्याने मणक्याच्या धमनीच्या अस्तराला चीर पडून अर्धांगाचा झटका आल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ज्याचे मणके ढिले आहेत त्याला तर असा झटका जन्माचा पांगळा करू शकतो. न्हाव्याला आधीच सांगावे, "मानेला हात लावू नकोस."

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न

रुग्णालयात गेल्यावर संकोच करू नये. नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे. मज्जारज्जूवर दाब आहे काय? ऑपरेशन आत्ताच हवे की वाट पाहता येईल? रक्तवाहिन्यांचा फोटो झाला आहे काय, आणि त्यात दोन्ही बाजू कशा दिसल्या? कोणती बाजू मोठी आहे? त्यावरून बेत कसा ठरला? अशी ऑपरेशने येथे नेहमी होतात काय? सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड असल्यास तपासणीचा खर्च तीत बसतो काय, हेही रुग्णालयाच्या योजना-खिडकीवर विचारून घ्यावे. पूर्वीचे सर्व फोटो, अहवाल आणि मिळाल्यास त्यांची सी.डी. एका पिशवीत जपून ठेवावी. चांगल्या प्रतीचा अलीकडचा फोटो बरोबर असल्यास पुष्कळदा तो पुन्हा काढावा लागत नाही आणि पैसे वाचतात.

मणके जन्मतः कसे घडले ते आपल्या हातात नसते. त्या मणक्यांतून जाणारी वाहिनी कुठे आहे, ते मात्र आज काही सेकंदांत पाहता येते. घरचे मूल ऑपरेशनला पाठवताना डॉक्टरांनी तिचा मार्ग आधी पाहिला आहे, एवढी खात्री करून घ्यावी आणि मगच संमतीच्या कागदावर सही करावी.